राखीव आसन

एसटीच्या लाल गाडीत खिडकीच्या वर अजूनही एक पाटी दिसते : आमदारांसाठी राखीव. त्या आसनावर बहुतेक वेळा बाजाराची पिशवी मांडीवर घेतलेली एखादी बाई बसलेली असते. कंडक्टर तिला उठवत नाही. ज्याच्यासाठी ती जागा राखली आहे तो या गाडीने यायचा नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे.

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ‘प्रवास’. विषय ठरला तेव्हा डोळ्यांपुढे वारी होती, कोकण रेल्वे होती, परदेशातल्या मुलांकडे निघालेले आईवडील होते. हे सगळं आत आहे, आणि चांगलं आहे. पण वर्षभर डोक्यात एक भुणभुण चालू होती, ती इथेच काढून टाकतो. म्हणजे पुढची पानं तुम्हाला निवांत वाचता येतील.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचा निकाल लागला तेव्हापासून एक वाक्य कानावर पडतं आहे. लग्नात, साहित्य संमेलनाच्या मांडवात, सोसायटीच्या सभेत. ‘हे लोक पाचशे रुपयांना मत विकतात, मग रडतात कशाला?’ हे लोक म्हणजे आपल्याकडे धुणंभांडी करणाऱ्या, कुरियर आणून देणारे, एमआयडीसीत कंत्राटावर राबणारे. बोलणारे म्हणजे आपण. आपल्या वाचकांतही असे असतील. त्यांनी रागवायचं तर खुशाल रागवावं, अंक मात्र ठेवून द्यावा.

विकणाऱ्याबद्दल आपण इतकं बोलतो, पण दुकानात ठेवलेला माल कुणी पाहिला आहे का? उमेदवाराने आपली मालमत्ता जाहीर केली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं आणि २००३ मध्ये पक्कं केलं. ती प्रतिज्ञापत्रं आता कुणालाही वाचता येतात. ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ ही संस्था त्यांची बेरीज करते. २०२४ मध्ये तिने आपल्याकडच्या २८६ विजयी उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं तपासली, त्यांत २७७ कोट्यधीश निघाले. सरासरी मालमत्ता ४३ कोटींच्या वर. २०१९ मध्ये हीच सरासरी २२ कोटींच्या आसपास होती. सरासरी फसवी असते, हे मान्य. घाटकोपर पूर्वच्या आमदारांनी एकट्यांनीच सुमारे ३,३८३ कोटी जाहीर केले आहेत. पण तो आकडा बाजूला काढला तरी सरासरी तीस कोटींच्या खाली येत नाही. थोडक्यात, धुणंभांडी करणाऱ्या बाईने पाकीट घेतलं काय आणि परत केलं काय, तिला निवड करायची होती ती दोन-तीन कोट्यधीशांतूनच.

हे आपोआप झालेलं नाही. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाखांची आहे, आणि त्या आकड्यावर गावातला पानवालासुद्धा हसतो. पक्षांच्या मुलाखतींत ‘निवडून येण्याची क्षमता’ तपासली जाते, तिचा अर्थ इच्छुकाला आणि तपासणाऱ्यालाही कळतो. एकेकाळी पक्ष कार्यकर्त्याला तिकीट द्यायचा आणि त्याच्यासाठी पैसे उभे करायचा. आता पैसे आधी उभे असतात, पक्ष नंतर येऊन शेजारी उभा राहतो.

यात कामगार मतदाराचं स्वतःचंही एक गणित होतं, आणि ते आपण समजून घेतलं नाही. वीसेक वर्षं मी ते ऐकत आलो आहे : ‘तो घरचा भरलेला आहे, आपलं काय खाणार?’ गरीब घरातून आलेला पुढारी आधी स्वतःचं घर भरतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. चाळीतला पोरगा नगरसेवक झाला, पहिल्या पाच वर्षांत फ्लॅट, दुसऱ्या पाच वर्षांत पेट्रोल पंप. तेव्हा ज्याचं पोट आधीच भरलंय असा माणूस बरा, असं त्याला वाटलं. हा भाबडेपणा नव्हता, अनुभवावरून काढलेला अंदाज होता. तो अंदाज चुकला. भरलेल्याची भूक वाढते, एवढाच त्याचा अर्थ नाही. चोरी न करणारा श्रीमंत आमदारही असतो. पण त्याला लोकल लागत नाही, रेशन लागत नाही, सिव्हिल हॉस्पिटलातली खाट लागत नाही, जिल्हा परिषदेची शाळा लागत नाही. जे स्वतःला लागत नाही, ते बिघडलंय हे त्याला कुणीतरी येऊन सांगावं लागतं. सांगायला जाणाऱ्याला आधी त्याच्या पीएला गाठावं लागतं.

गिरणगावात ही भानगड नव्हती. आमदार कृष्णा देसाई लालबाग-परळच्या वस्तीतच राहायचे, वस्तीतच १९७० मध्ये त्यांचा खून झाला. डॉ. दत्ता सामंतांचा १९८२ चा गिरणी संप बुडाला, सुमारे अडीच लाख कामगारांचे संसार मोडले. तरी १९८४ मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या काँग्रेसच्या लाटेत, याच गिरणगावाने त्यांना लोकसभेवर पाठवलं. हरलेल्या पुढाऱ्याला मत देणारा मतदार पाचशेच्या नोटेत कसा मोजायचा? इकडे सांगोल्यात गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, आणि त्यांचा एसटीचा प्रवास साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होता. ती पाटी त्यांच्यासाठी खरोखरच होती.

इथपर्यंत आलं की जुन्या दिवसांचा उमाळा येतो आणि सगळं सोपं वाटायला लागतं. सोलापूर मला तिथेच अडवतं. नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, तीनदा आमदार झाले. विडी कामगार बायकांसाठी आधी दहा हजार घरांची वसाहत उभी केली, मग कुंभारीला रे नगरची तीस हजार घरांची योजना. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या वाटपाला जानेवारी २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधान आले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात सोलापूर शहर मध्यमधून मास्तर पुन्हा पडले. घर देणाऱ्याला मत नाही, हे कसं? एक साधं कारण भूगोलाचं : कुंभारी शहराबाहेर, दक्षिण सोलापूर तालुक्यात. घर मिळालेली बाई मतदारसंघाच्याही बाहेर जाते. दुसरं कारण जात आणि धर्म, ते लपवण्यात अर्थ नाही. तिसरं मला सगळ्यांत खरं वाटतं. घर आयुष्यात एकदा लागतं. पोलीस ठाण्यात, दवाखान्यात, शाळेच्या दाखल्यासाठी साहेबांचा फोन मात्र महिन्याला लागतो. सत्तेतल्या श्रीमंताचा फोन उचलला जातो. म्हणजे भ्रमनिरास झालेला माणूसही मत त्यालाच देतो, फक्त आता त्यात माया नसते. डहाणूसारखे अपवाद आहेत. तिथे २०१९ च्या प्रतिज्ञापत्रांत सर्वांत गरीब ठरलेले आमदार २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले. त्यांच्यामागे आदिवासींची दशकांची संघटना आहे. ती जिथे नाही, तिथे एकट्या गरीब उमेदवाराच्या चपला झिजतात.

वर्षाचा आढावा घ्यायची प्रथा आहे, म्हणून थोडक्यात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी खाली पडून मेले. जुलैत आकाशवाणी आमदार निवासात डाळ शिळी म्हणून आमदाराने उपाहारगृहाच्या कर्मचाऱ्याला मारलं आणि पश्चात्ताप नाही असंही सांगितलं. डाळ शिळी असेलही; पण मार वाढणाऱ्याला पडला, कंत्राटदाराला नाही. त्याच महिन्यात गिरणी कामगार पुन्हा आझाद मैदानात बसले : घर मुंबईत द्या, शेलू-वांगणीला नको. त्यांच्या गिरण्यांच्या जागेवरचे टॉवर आपण रोज पाहतो. मराठीच्या सक्तीवरून आणि हिंदीच्या सक्तीवरून जे झालं, त्यावर आत दोन लेख आहेत.

आणि सप्टेंबरात मंत्रिमंडळाने कारखान्यांतला कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती घेणार म्हणे. कंत्राटी कामगाराची संमती कशी मिळते ते चाकणच्या कुठल्याही गेटवर विचारा. मला निर्णयाहून त्यानंतरची शांतता बोचली. १९३८ मध्ये मुंबई प्रांताच्या विधिमंडळात संपावर बंधनं घालणारं विधेयक आलं, तेव्हा डॉ. आंबेडकर सभागृहात त्याच्याविरुद्ध उभे राहिले, आणि ७ नोव्हेंबरला त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांबरोबर संपात उतरला. विधेयक मंजूर झालंच. पण बारा तास उभं राहिल्यावर पाय कसे होतात हे माहीत असलेली माणसं तेव्हा आत होती. आज एक मुदत पुरी केलेल्या माजी आमदाराला महिना ५० हजार रुपये पेन्शन, आणि भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतल्या कामगाराची किमान पेन्शन २०१४ पासून एक हजारावर थांबलेली. यातल्या पहिल्या आकड्यावर सभागृहात पक्षभेद नसतो.

आता पाकिटाबद्दल. लक्ष्मीदर्शन या शब्दाला दिवाळीबाहेर काय अर्थ आलाय ते सांगायला नको. ते बेकायदा आहे, वाईट आहे. पण पाच वर्षांत वरून खाली येणारा तेवढाच पैसा आहे आणि तो अर्ज, दाखला, केवायसी न करता मिळतो, असं ज्याला वाटतं त्याला आपण नीतीचे धडे कुठल्या तोंडाने देणार? लाडकी बहीण योजनेचे दीड हजार निवडणुकीआधी फारसं न विचारता आले, एकवीसशेचं आश्वासनही आलं; पडताळणी निवडणुकीनंतर आली. त्यावरून बाईने जो धडा घेतला तो चूक आहे असं मला म्हणवत नाही.

महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका ३१ जानेवारी २०२६ पर्यंत घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये बजावलं. मुंबईत मार्च २०२२ पासून तेव्हापर्यंत नगरसेवकच नव्हते. त्यामुळे यंदा इच्छुकांना उधाण आलं, आणि दिवाळी अंकाला त्याचा फायदा असतो. हात जोडलेले, सोन्याची साखळी दिसेल असे, सहकुटुंब शुभेच्छा देणारे रंगीत फोटो पानाच्या दराला घासाघीस करत नाहीत. मराठी दिवाळी अंकांचा बराचसा कागद या फोटोंवर निघतो, आमचाही निघत आला. हा लेख लिहायला घेतल्यावर ती पानं घेणं बरं दिसेना. म्हणून यंदा अंक एका फर्म्याने कमी आहे; दोन कथा आणि एक प्रवासवर्णन पुढच्या वर्षीसाठी ठेवावं लागलं, त्या लेखकांना कळवलं आहे. किंमत मात्र गेल्या वर्षीचीच ठेवली आहे.