पूर ओसरतो, केबलमधील ओल उरते

सुरतच्या पर्वत पाटिया परिसरात खाडीचे पाणी शिरणे आता नवे राहिलेले नाही. जून २०२५ मधील अतिवृष्टीतही हा भाग जलमय झाला होता. पाणी ओसरून दिवे लागले की संकट टळले, असे नागरिक आणि प्रशासन दोघेही मानतात. वीजवाहिन्यांबाबत हा समज घातक आहे.

मुळात हानीची सुरुवात उन्हाळ्यात होते. पीव्हीसी आवरणाच्या केबलमधील तारेचे तापमान ७० अंश सेल्सिअसपर्यंत चालते. यंत्रे आणि वातानुकूलकांचा भार वाढून ही मर्यादा सतत ओलांडली गेली, तर दर आठ-दहा अंशांमागे आवरणाचे आयुष्य निम्म्यावर येते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. आवरणाला लवचीक ठेवणारी द्रव्ये उडून जातात, ते ठिसूळ होते, त्याला भेगा पडतात. पावसाळ्यात याच भेगांतून आणि सैल जोडांतून क्षारयुक्त पाणी आत झिरपते व विजेची गळती सुरू होते. ही गळती इतकी अल्प असते की साधा फ्यूज वा एमसीबी तिची दखल घेत नाही. माणसाचा जीव घेण्यास मात्र ती पुरेशी ठरते.

उच्चदाबाच्या भूमिगत केबलमध्ये ओलाव्यामुळे पॉलिथिनच्या आवरणात झाडाच्या फांद्यांसारखी सूक्ष्म जाळी पसरत जाते. त्यास वर्षे लागतात. तोवर बाहेरून केबल धडधाकटच दिसते.

दमट उष्मा, मुसळधार पाऊस आणि समुद्रसान्निध्य गोव्यालाही चुकलेले नाही. वादळवारा आणि उन्मळणाऱ्या झाडांपासून बचावासाठी येथे भूमिगत वाहिन्यांचा आग्रह धरला जातो, तो रास्तच आहे. मात्र जमिनीखालचा सदोष जोड कोणाच्या नजरेस पडत नाही. म्हणून किती किलोमीटर केबल टाकली, याबरोबरच तिची चाचणी कधी झाली, हेही वीज खात्याला विचारले गेले पाहिजे.

घरगुती पातळीवर उपाय आवाक्यातले आहेत. मीटरपेटी वा वायरिंग पाण्यात गेले असल्यास परवानाधारक तंत्रज्ञाकडून मेगर चाचणी करून घ्यावी; ५०० व्होल्टच्या चाचणीत विद्युतरोध एक मेगाओमच्या खाली आढळल्यास पुरवठा सुरू करू नये. ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारे आरसीसीबी उपकरण प्रत्येक घरात, दुकानात असावे. या दोन्हींचा खर्च शॉक लागून वा आग लागून होणाऱ्या हानीच्या तुलनेत नगण्य आहे.