पाळीव उंदीर अचानक कोसळतो तेव्हा

चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगर वसाहतीत प्राण्यांची चर्चा निघाली की ती वाघ-बिबट्यावर जाते. औष्णिक वीज केंद्राच्या परिसरातील झुडपांत त्यांचा वावर असतो, तेव्हा ते साहजिकच आहे. त्या मानाने पिंजऱ्यात पांढरा उंदीर पाळणारी घरे मोजकी, आणि तो आजारी पडला तर ‘उंदीरच तर आहे’ म्हणून विषय संपवणारी माणसे पुष्कळ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही उंदराला कावळ्याच्या पंगतीत, उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत बसवले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली, नजर मात्र तीच राहिली. ज्या मुलाने त्याला हातावर खेळवले, त्याच्यासाठी तो घरातलाच एक असतो. त्याला काही झाले की घरचे लोक ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावतात. माणसांचा डॉक्टर माणसांचेच औषध सांगणार, आणि घोटाळा तिथून सुरू होतो.

आधी आकार लक्षात घ्यावा. मोठ्या पाळीव उंदराचे वजन ३०० ग्रॅम धरले, तर तो साठ किलोच्या माणसाच्या दोनशेवा हिस्सा झाला. गोळीचा ‘छोटासा तुकडा’ त्याच्यासाठी छोटा नसतो. त्याच्या अंगात रक्त असते सुमारे २० मिलिलिटर, म्हणजे चार चहाचे चमचे. नख उपटले, पिंजऱ्याच्या तारेत पाय अडकून फाटला आणि दोन मिलिलिटर रक्त गेले, तर ते माणसाचे अर्धा लिटर रक्त जाण्यासारखे आहे. फरशीवरचे चार थेंब पाहून ‘थांबेल आपोआप’ म्हणणे म्हणूनच परवडत नाही. स्वच्छ कापडाने किंवा कापसाच्या बोळ्याने जखम हलकेच दाबून धरावी, पाच मिनिटे. मध्येमध्ये उचलून पाहू नये. नखातून रक्त येत असेल तर मक्याचे पीठ दाबून लावता येते. डेटॉल, मलम, चुना यांतले काही लावू नये. उंदीर सतत अंग चाटतो. जे लावले ते पोटात जाणार.

चंद्रपुरात खरा वैरी उन्हाळा. मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांपर्यंत जातो आणि उंदीर पस्तिशीच्या आतच हैराण होऊ लागतो. घामाने अंग गार करणे त्याला जमत नाही, कुत्र्यासारखे धापा टाकून उष्णता घालवणेही नाही. तो लाळ अंगाला फासतो आणि बिनकेसांच्या शेपटीतून उष्णता बाहेर टाकतो. शेपटीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त तिथे येऊन निवते. भोवतालची हवाच अंगापेक्षा तापलेली असेल तर हा मार्ग बंद. गॅलरीत ठेवलेला पिंजरा, दुपारी गेलेली वीज, कोरडा पडलेला कूलर, आणि तासाभरात उंदीर कुशीवर पडून तोंड उघडे टाकून श्वास घेऊ लागतो, लाळेने हनुवटी ओली होते.

अशा वेळी त्याला लगेच सावलीत, सर्वांत थंड खोलीत न्यावे. साध्या माठाबाहेरच्या पाण्याने शेपूट, पावले आणि कान ओले करावेत, वारा घालावा. बर्फाचे पाणी मात्र नको. त्याने शेपटीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच कोंडते. भान असेल तर ओठाशी पाण्याचा थेंब धरावा. तोंडात पाणी ओतले तर ते फुप्फुसात उतरते. सावध झाला तरी डॉक्टरांना दाखवावेच, कारण आतल्या अवयवांना बसलेला झटका नंतर दिसतो.

हातातून पडलेल्या उंदराला शेपटीने उचलणे हा सगळ्यांत जुना अपराध. शेपटीची कातडी मोज्यासारखी निसटून येते. दोन्ही हातांच्या ओंजळीत घेऊन मऊ कापड घातलेल्या, भोके पाडलेल्या छोट्या खोक्यात ठेवावे. हाड बसवण्याचा, पट्टी बांधण्याचा प्रयत्न घरी करू नये. डोळ्याभोवती किंवा नाकाशी लाल ओघळ दिसला की घर हादरते. पण ते बहुधा रक्त नसते. डोळ्यामागच्या ग्रंथीतून पाझरणारे लाल रंगद्रव्य असते. ताण किंवा आजार असल्याची ती खूण. सोबत श्वासाचा खरखर आवाज असेल तर दवाखाना त्याच दिवशी गाठावा. बंद खोलीत मच्छर कॉइल आणि अगरबत्ती जाळणाऱ्या घरांनी पिंजरा तिथून आधी हलवलेला बरा.

घरच्याच उंदरांसाठी ठेवलेले विष पाळलेल्याने खाल्ले, हा प्रसंग तर विचित्रच. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा खटाटोप व्यर्थ आहे, उंदराला ओकारी येतच नाही. रक्त न गोठू देणाऱ्या विषाचा परिणाम दिसायला दोन-चार दिवस लागतात, तोवर तो ठणठणीत वाटतो. व्हिटॅमिन के१ त्यावर चालते. करड्या-काळ्या पुडीतले झिंक फॉस्फाइड पोटात विषारी वायू सोडते, त्याला उतारा नाही. विषाचे पाकीट सोबत न्यावे.

प्रश्न राहतो, न्यायचे कुठे? सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचे मुख्य काम गाय-बैल, शेळ्या; इतक्या लहान प्राण्याची सवय सगळ्यांना नसते. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय दीडशे किलोमीटरवर आहे, आणि कोसळलेला उंदीर तितका वेळ देत नाही. म्हणून उंदीर आणतानाच जवळच्या पशुवैद्यांना ‘याला तुम्ही बघाल का’ एवढे विचारून ठेवावे. जिल्ह्याच्या ठिकाणी निदान एका डॉक्टरला लहान प्राण्यांचे प्रशिक्षण असावे, ही मागणी पशुसंवर्धन विभागाकडे करण्यात काही चूक नाही.

दुखावलेला उंदीर चावतो, मालकालाही. चावा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे. रेबीजची लस अशा चाव्याला साधारणपणे लागत नाही, पण ते डॉक्टरांनी ठरवावे. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला, सांधे दुखले, तळहात-तळपायांवर पुरळ उठले, तर तो मूषकदंश ज्वर असू शकतो. पेनिसिलिनने तो बरा होतो. अडचण एवढीच की तापाच्या रुग्णाला उंदीर चावला होता का, हे सहसा कोणी विचारत नाही. रुग्णाने आपणहून सांगावे.