देशांतरीचा मौन पाडवा

अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काल नोंदलेला आहे. वाचकहो, हीच शकगणना समुद्रापार बाली बेटावरील हिंदू आजही पाळतात. त्यांचे नववर्ष, 'न्येपी', आपल्या पाडव्याच्या सुमारास येते. आदल्या सायंकाळी राक्षसाकृतींची वाजतगाजत मिरवणूक. मग अहोरात्र मौन. अग्नी नाही, कर्म नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळही बंद! पाहुण्यांनीही निवासातच राहावयाचे. आशियाच्या प्रवासास निघालेल्या आपल्या कुटुंबांनी 'हे सारे आमचेच' असा ताठा तेथे मिरवू नये, वा दिवस फुकट गेला म्हणून हळहळू नये. मुलाबाळांसह ते व्रत आचरावे आणि घटकाभर मौन घरीही आणावे. गुढी उंच असावी. ध्वनिवर्धकाचा आवाज नव्हे.