उकळल्याशिवाय पिऊ शकता

गेल्या वर्षी एका कंपनीने यंत्राने केलेली मराठी भाषांतरं माझ्याकडे तपासायला दिली. वाक्यामागे ठरावीक पैसे, १ ते ५ गुण, शेऱ्याला जागा नाही. का, विचारलं तर म्हणाले, शेरे वाचायला आमच्याकडे मराठी येणारं कुणी नाही. निदान खरं तरी बोलले.

दुखणं जुनंच. जून २००३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ने संशोधकांना एक ‘सरप्राइज’ भाषा दिली. महिन्याभरात तिचं भाषांतर करणारी, तिच्यातली माहिती शोधणारी यंत्रणा उभी करायची. भाषा कोणती? हिंदी! कोट्यवधींच्या तोंडची भाषा या मंडळींना सरप्राइज. आणि गाडं अडलं कुठे, तर फॉन्टात. एका संकेतस्थळाचा फॉन्ट दुसऱ्याला जुळेना. ती कोडी सोडवण्यातच बराच वेळ गेला. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही डीटीपीवाल्याने हे रडगाणं चहा संपायच्या आत ऐकवलं असतं. पण त्याला विचारतो कोण!

घाईबद्दल माझी तक्रार नाही. हैतीतल्या २०१० च्या भूकंपानंतर हैतियन क्रेओलचं भाषांतरयंत्र मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी ४ दिवस, १७ तास, ३० मिनिटांत उभं केलं. ढिगाऱ्याखालच्या माणसाला शुद्धलेखन समितीची वाट बघणं परवडत नाही. मात्र तिथेही मदतीचे एसएमएस उलगडून दिले ते जगभर पांगलेल्या हैतियन माणसांनी.

माझं भांडण मोजपट्टीशी आहे. २००२ मध्ये आयबीएममधून ‘ब्लू’ नावाचं गुणांकन आलं. यंत्राच्या उत्तरातले शब्द आणि त्यांचे सलग तुकडे नमुना भाषांतरात किती सापडतात, हेच ते मुख्यतः मोजतं. समजा, नमुना आहे ‘नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका’. एका यंत्राने लिहिलं, ‘नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ शकता’. पाचपैकी चार शब्द जुळले, शाब्बास! दुसऱ्याने लिहिलं, ‘नळाचं पाणी उकळूनच प्यावं’. दोनच जुळले, म्हणजे हे ढ. पहिल्याचं ऐकून गावाला जुलाब लागतील, पण तक्त्यात तेच वर. मराठीत एकेका शब्दाला प्रत्ययांची शेपटं; ‘घरासमोरच्यांना’ऐवजी ‘घरापुढच्यांना’ लिहिलं की गुण गेले. अक्षरांवर मोजणाऱ्या पट्ट्याही पुढे आल्या, त्या जरा बऱ्या. पण ‘नका’ आणि ‘शकता’ यांतला फरक त्यांनाही माणूसच सांगणार.

मी असल्या वाक्यांना १ देत गेलो. परवा त्या कंपनीचा निरोप आला : तुमचे गुण इतर तपासनीसांपेक्षा फार कमी पडताहेत, जरा जुळवून घ्या.