दिवा विकत घ्यावा कीं करावा?

सुतारकाम हें सुशिक्षितांस कमीपणा आणणारें काम आहे, असें उघड म्हणण्याचें धाडस आज कोणी करीत नाहीं. श्रमप्रतिष्ठेवरचें व्याख्यान सर्वांनाच तोंडपाठ असतें. परंतु घरांतील मुलानें करवत हातीं घेऊन 'टेबलावरचा दिवा मी स्वतःच करणार' असें म्हटलें, कीं तेच व्याख्याते त्यास बजावतात, 'दिवा बाजारांत चारशे रुपयांस मिळतो. तूं आपलें गणित कर!' या एका वाक्यांत आमच्या मध्यमवर्गाचीं शिक्षणाविषयींचीं सारीं मतें सांठलेलीं आहेत, आणि तीं खोटीं आहेत असें आमचें स्पष्ट म्हणणें आहे.

हें वाक्य वर्ध्याच्या घरांतून ऐकूं यावें, याचें आम्हांस विशेष वाईट वाटतें. याच गांवीं २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण-परिषद भरली. सात वर्षांचें शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोंवतीं गुंफावें, हा तेथील मुख्य विचार. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें त्याची योजना आंखली, आणि कताई-विणकाम व शेती यांच्या पंक्तीस सुतारकामही मूलोद्योग म्हणून बसलें. दिव्याचीच गोष्ट घ्यावयाची तर १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणें येथील मगनवाडींत होतें. कोलंबिया विद्यापीठांत शिकून आलेले अर्थशास्त्रज्ञ जो. कॉ. कुमारप्पा तेथें काम पाहत. आणि रॉकेलऐवजीं वनस्पतिजन्य तेलावर जळणारा 'मगन दीप' हा कंदील त्या संघानें तयार केला. आपल्या घरांतील उजेड कोण करतो व त्याचा पैसा कोठें जातो, हा प्रश्न तेथील विद्वानांस आपल्या विद्वत्तेला शोभणारा वाटला. आमच्या आजच्या पदवीधरास मात्र दिवा ही केवळ खरेदीची वस्तु वाटते.

वर्धा योजना मागें कां पडली, याचीं कारणें पुष्कळ सांगण्यांत येतात. एक मात्र क्वचितच कोणी सांगतो. सुशिक्षितांनीं ती आपल्या स्वतःच्या मुलांसाठीं मनापासून कधीं स्वीकारलीच नाहीं. खेड्यांतल्या मुलाला टकळी आणि आपल्या मुलाला इंग्रजी शाळा, अशी वांटणी झाली; आणि जें शिक्षण नेहमीं दुसऱ्याच्याच मुलास योग्य वाटतें, तें फार दिवस टिकत नाहीं.

आतां दिव्याकडे वळूं. नवशिक्यानें आरंभ टेबलावरच्या दिव्यापासून करावा, असें आम्ही म्हणतों त्यास कारण आहे. सहा इंचांची चौरस बैठक, तिच्यावर फूटभर उंचीचा खांब, वायर जाण्यास त्यांत पोकळी आणि माथ्यावर होल्डर, एवढाच या वस्तूचा संसार. परंतु बैठक गुण्यास लागली नाहीं तर खांब तिरका उभा राहतो. ती हलकी किंवा अरुंद झाली तर वायरला जरा ओढ बसतांच दिवा कलंडतो, आणि गुरुत्वमध्य म्हणजे काय तें व्याख्येवांचून कळतें. गिरमिटानें फूटभर लांबीचें सरळ भोंक पाडणें नवशिक्यास साधत नाहीं. मग दोन पट्ट्या घ्याव्या, त्यांच्या आंतल्या अंगास पटाशीनें खोबण कोरावी आणि सरस लावून त्या एकमेकींस चिकटवाव्या, अशी तोड काढावी लागते. याला जे केवळ हाताचें काम म्हणतात, त्यांनीं बुद्धीचें काम कशाला म्हणतात तें एकदां सांगावें.

लांकडाचा स्वभाव तर याहून मोठा शिक्षक आहे. लांकूड आपल्या रेषांच्या आडवें फुगतें आणि आकसतें. लांबींत तें जवळ जवळ बदलतच नाहीं. आमच्याकडे उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे चढतो आणि आषाढांत हवा ओलीचिंब होते. श्रावणांत अर्धवट वाळलेल्या सागवानाची बैठक जखडून टाकावी, तर ती वैशाखांत तडकण्याचा संभव फार. हाच धडा पुस्तकांतही असतो. परंतु तेथें चुकलेल्या उत्तराचे दोन गुण गेले म्हणजे प्रकरण मिटतें. तडकलेली बैठक टेबलावर वर्षभर समोर असते.

या सर्वांवर पहिला आक्षेप किंमतीचा. तो मान्य करावयाचा तर उत्तम निबंधांचीं पुस्तकेंही बाजारांत थोडक्या पैशांत मिळतात. मग मुलाकडून निबंध कां लिहवून घेतां? निबंध लिहिल्यानें मुलाचें कांहीं होतें, तसेंच दिवा केल्यानेंही होतें; किंमत त्या होण्याची आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, यानें सुताराच्या पोटावर पाय येईल. कारखान्यांतून आलेलें सामान घरभर मांडतांना ज्यांस सुताराची आठवण झाली नाहीं, त्यांस ती मुलाच्या दिव्यापाशीं व्हावी, हें नवल होय. खरी गोष्ट उलट आहे. ही विद्या एका जातीच्या गळ्यांत बांधून आम्ही तिला विद्या म्हणण्याचेंच टाळलें, आणि म्हणून सुताराच्या मजुरींत घासाघीस करतांना आमची जीभ अडखळत नाहीं. ज्यानें खांचेंत कुसूं बसविण्यासाठीं दोन संध्याकाळ घालविल्या, तो ती घासाघीस करणार नाहीं.

विजेचें भय मात्र अगदींच अनाठायीं नाहीं. २३० व्होल्टची जोडणी जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावी, अथवा मोबाइलच्या चार्जरवर चालणारा ५ व्होल्टचा एल.ई.डी. दिवा बसवावा. एवढ्यानें तो आक्षेप मिटतो.

'शाळेंत कार्यानुभव आहेच कीं!' असें कोणी म्हणतील. त्याचें स्वरूप पालकांस ठाऊक आहे: आदल्या रात्रीं बापानें दुकानांतून आणावें, आईनें चिकटवावें आणि मुलानें गुण घ्यावे. मोठ्या शहरांतून आलेली खोकीं हा त्याचाच सुधारलेला अवतार. त्यांत तुकडे कापलेले, भोंकें पाडलेलीं. चुकण्यास जागाच नाहीं, म्हणून शिकण्यासही नाहीं. स्वीडनमध्यें नॅस येथें ऑटो सॉलोमन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शिक्षकांस हस्तकाम शिकविलें, तेव्हां त्यांचा दंडक असा होता कीं, वस्तु घरीं उपयोगी पडणारी असावी, सोप्याकडून कठीणाकडे जावें, आणि आरंभापासून शेवटपर्यंत ती मुलानें स्वतः पुरी करावी. सॉलोमन यांचा हेतु मुलांस सुतार करण्याचा नव्हता, माणूस करण्याचा होता.

वर्धा योजनेंतील एक गोष्ट आम्हांस पटत नाहीं, तीही सांगून टाकतों. मुलांच्या हातच्या मालांतून शिक्षकाचा पगार निघावा, ही अपेक्षा घातक होती. दिवा विकावयाचा ठरला कीं शिक्षकाची दृष्टि मुलावरून उडून दिव्यांच्या संख्येवर जाते. मुलाचा पहिला दिवा वांकडाच व्हावयाचा, आणि त्यानें तो आपल्याच टेबलावर ठेवावा.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें सहावी ते आठवीच्या काळांत दहा दिवस दप्तर घरीं ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ शिकण्याची सूचना केली आहे. दहा दिवसांत एक दिवा खचित होतो. आमची मागणी एवढीच कीं, हे दहा दिवस सहलींत व छायाचित्रांत दवडूं नयेत. गांवांतील सुतारास शिक्षकाच्या मानानें बोलवावें, शिक्षकाला शोभेल असें मानधन द्यावें, आणि वकिलाच्या, डॉक्टरच्या, प्राध्यापकाच्या मुलामुलींनींही त्याच्यापुढें रंधा घेऊन बसावें. सेवाग्रामच्या आवारांत आजही हातांनीं शिकविणारी शाळा आहे. ती पाहावयास पाहुण्यांना नेणें आणि घरीं येऊन मुलाच्या हातची करवत काढून घेणें, हीं दोन्हीं कामें एकाच माणसानें करूं नयेत.