तेल पाजण्याआधी

आपल्याकडे चामड्याला एकच औषध ठाऊक आहे, ते म्हणजे तेल. नवी कोल्हापुरी पायाला लागली, पाजा तेल. बूट कडक झाले, पाजा तेल. आमच्या लहानपणी विहिरीवर मोट चालायची, तिच्या कातड्यालाही तेलच चोळत. त्यामुळे "काका, गाडीच्या सीट्स तडकायला लागल्यात, काय करू?" असं पुतण्याने विचारलं, तेव्हा घरातल्या तीन ज्येष्ठांनी एका सुरात खोबरेल सुचवलं. चौथा ज्येष्ठ मी. मी विरोध केला, आणि तो का केला हे जरा सविस्तर लिहावं म्हणतो, कारण फोनवर माझं कुणी पुरतं ऐकून घेत नाही!

गाडी दादाची. 2006 सालची स्कोडा ऑक्टाव्हिया, आतून फिकट बदामी चामडं. दादा जाऊन दोन वर्षं झाली. गाडी आता पुतण्या चालवतो. सल्ले तीन आले होते. घरच्यांचा तेलाचा, गाड्या धुणाऱ्या दुकानाचा चकाकी आणणाऱ्या कुठल्याशा द्रावणाचा, आणि मित्रांचा सल्ला म्हणजे सरळ काळी रेक्झिनची कव्हरं चढवून मोकळं व्हावं. कव्हरं नकोत, एवढंच वहिनी म्हणाल्या. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

आता मुद्द्याचं. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात कमावलेलं असतं. (कमावणे हा आपल्या भाषेतला शब्द किती नेमका आहे बघा. मेलेल्या जनावराचं कातडं आपोआप चामडं होत नाही, ते कमवावं लागतं.) त्यावर रंगाचा जाड थर नसतो. तेल ओतलं की ते पितं आणि मऊ होतं. गाडीतलं चामडं बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं, त्यावर रंगाचा लेप आणि त्याच्यावर पॉलियुरेथेनचा पातळ, पारदर्शक थर असतो. म्हणजे आपण हात फिरवतो तो चामड्यावर नव्हे, रंगावर. भिंतीला ऑइलपेंट दिल्यावर वरून पाजलेलं पाणी विटेपर्यंत पोचेल का? तसंच हे. तेल वर राहतं, धूळ धरतं, आणि जिथे भेग किंवा शिवण सापडेल तिथून आत जाऊन काळा डाग पाडतं. पुढे त्या जागी रंग द्यायचा म्हटलं तर तो धरत नाही.

खात्री करायची असेल तर सोपी परीक्षा आहे. सीटच्या आडबाजूला पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब तसाच उभा राहिला तर वर लेप आहे. शोषला गेला तर लेप नाही, किंवा झिजला आहे. शिवाय बऱ्याच गाड्यांत पाठ-मांडी टेकते तिथेच खरं चामडं असतं, बाजूला आणि मागे रेक्झिन. त्याला तेल पाजून तर काहीच साधत नाही.

खरं म्हणजे दादाच्या गाडीला खोबरेलाचा प्रयोग आधीच झालेला आहे. दादा रोज डोक्याला चापून तेल लावायचा. सगळ्या गाडीत सर्वात खराब जागा कुठली, तर ड्रायव्हरच्या डोक्याच्या टेकूची. काळी, चिकट, आणि नखाने रंग सुटेल अशी. यापेक्षा वेगळा पुरावा काय देऊ?

चकाकीचंही तेच. आपल्याला शाळेपासून शिकवलेलं असतं की चकचकीत म्हणजे स्वच्छ. (मीही शिकवलं असेल.) पण या चामड्याचा मूळ पोत मंद असतो. सीट चमकायला लागली म्हणजे तिच्यावर घाम, तेल आणि धूळ यांचं पुट बसलं. ते काढायला मुलायम ब्रश, चामड्यासाठीचा सौम्य फेस आणि ओलसर फडकं पुरे. तीन-चार महिन्यांनी एकदा केलं तरी चालतं. कपड्यांचा साबण आणि थिनर मात्र लांब ठेवा. कंडिशनर नावाच्या बाटल्यांबद्दल माझं मत असं, की लेप असलेल्या चामड्यात त्यातलं फारसं काही मुरत नाही. वरून थोडं घर्षण कमी होतं, नव्या जीन्सचा निळा रंग चटकन बसत नाही, एवढाच उपयोग. तो कमी नाही, पण तडे बुजतील ही आशा व्यर्थ. तडा म्हणजे तंतू तुटलेले असतात. ते बाटलीने सांधत नाहीत.

उन्हात गाडी उभी करायचीच असेल तर काचेला पडदा लावा. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली गाडी महिनाभर कोंडून ठेवू नका, बुरशी येते. आली तर गाडीबाहेर उभं राहून कोरड्या ब्रशने झाडा आणि दारं उघडी ठेवा.

कव्हरांबद्दल एकच सांगतो. काही गाड्यांत एअरबॅग सीटच्या कडेतच बसवलेली असते. त्यावर घट्ट कव्हर शिवून घेतलं की ती वेळेला नीट उघडेलच असं नाही. सौंदर्याचा प्रश्न नंतर, आधी हे तपासा.

शेवटी पुण्यात नाना पेठेकडे चौकशी करता करता एक कारागीर मिळाला. वडील चपला करायचे, हा सीटा करतो. त्याने आधी नुसतं पुसून दाखवलं, तर निम्मी सीट आपोआप बदामी झाली! मग उरलेलं काम सांगितलं. तडे बारीक पॉलिशपेपरने घासायचे, लवचीक लांबीने भरायचे, मूळ रंगाशी जुळवलेला पाण्यातला रंग पातळ थरांनी द्यायचा आणि वर मंद चमकीचा लेप. उसवलेली शिवण जुन्याच भोकांतून घालायची, कारण नवी भोकं पाडली की चामडं तिकिटासारखं फाटतं. तिकिटाची उपमा त्याचीच. इतकी वर्षं गावोगावी चामड्यावर तेल ओतणाऱ्या आम्ही लोकांनी हे ज्ञान असणाऱ्यांना वेशीबाहेर ठेवलं, त्यांना कधी काही विचारलं नाही. शाळेच्या विज्ञानाच्या तासालाही कातडं कमावणाऱ्याला कुणी बोलावल्याचं मला आठवत नाही. असो.

एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. ड्रायव्हरच्या सीटचा फोम डाव्या बाजूला बसला आहे. दादा तसाच कलून बसायचा. कारागीर म्हणतो, चामडं उतरवतोच आहे तर फोम बदलून टाकू. वहिनींना तो खळगा राहू द्यायचा आहे. हा ब्लॉग त्या वाचतात, म्हणून इथे स्पष्टच लिहितो. वहिनी, चामडं दादाचंच राहील, फोम मात्र बदलावा असं माझं मत आहे. पोरगा रोज दोन तास त्या सीटवर बसतो आणि आतापासूनच त्याची कंबर धरते. कारागिराला शनिवारपर्यंत कळवायचं आहे. तुम्ही नाही म्हणालात तर पुन्हा विषय काढणार नाही.