विश्लेषण : पहिला पाऊस झाला, लगेच पेरायचे की थांबायचे? निर्णय आधीच का ठरवावा?

मृगाचा एक दमदार पाऊस पडला की परळी तालुक्यातील धर्मापुरीसारख्या गावात पहिला फोन ट्रॅक्टरवाल्याला जातो. शेजारच्या रानात पेरणी यंत्र उतरले की आपल्या बांधावर घालमेल सुरू होते. कोरडवाहू शेतकऱ्याचा वर्षातला सर्वांत महागडा निर्णय बहुतेक वेळा अशा घाईच्या एका सकाळी होतो. तो चुकला तर दुबार पेरणी अटळ असते. म्हणूनच मृग निघण्याआधी, डोके शांत असताना काय ठरवून ठेवता येईल, हे पाहू.

७५ ते १०० मिमीचा आग्रह कशासाठी?

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असा सल्ला कृषी विभाग दरवर्षी देतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४ हजार लिटर पाणी. त्या हिशेबाने ७५ मिमी म्हणजे एकरी सुमारे ३ लाख लिटर. मे महिन्यात तापलेल्या जमिनीला एवढे पाणी लागतेच. २५-३० मिमीच्या सरीने वरचा थर भिजतो, खाली माती कोरडीच राहते. सोयाबीनचे बी उगवताना स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मे पाणी शोषते. कोंब बाहेर आला आणि आठ-दहा दिवस उघडीप पडली, तर त्याला खालून ओल मिळत नाही.

मान्सून लवकर आला तरी थांबायचे का?

२०२५ मध्ये मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. मुंबईतील हे आजवरचे सर्वांत लवकरचे आगमन. मात्र त्यानंतर त्याची पुढची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत रेंगाळली. २०२३ मध्ये तो ११ जूनला कोकणात आला आणि मुंबईत पोहोचायला २५ जून उजाडला. त्याच वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. म्हणजे मान्सून दाखल झाल्याची बातमी आणि आपल्या रानातली ओल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चूक कोणत्या बाजूने परवडते?

सोयाबीनला एकरी साधारण ३० किलो बियाणे लागते. पाच एकर मोडले तर दीड क्विंटल बियाणे मातीत जाते. त्यावर खत, पेरणीचे भाडे आणि मजुरी. दुसऱ्यांदा पेरायला पुन्हा तेवढाच पैसा उभा करावा लागतो, तोही अनेकदा उसनवारीने. २०२५ च्या खरिपापासून राज्यातील पीक विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगावर आधारित झाली. त्यामुळे जूनमध्ये मोडलेल्या पेरणीसाठी विम्यावर विसंबता येत नाही.

थांबणेही फुकट नसते. मूग-उडदाची पेरणी जुलैच्या पहिल्या आठवड्यापुढे गेली तर ती पिके हातची जातात. कपाशीचे उत्पादन घटते. वाफसा आला की सगळ्यांनाच एकदम ट्रॅक्टर हवा असतो. पण सोयाबीन साधारण १५ जुलैपर्यंत पेरता येते. आठवडाभर थांबल्याचा तोटा थोडा असतो, बी मोडल्याचा सगळाच अंगावर येतो. विहिरीत संरक्षित पाण्याची सोय असेल, तर मात्र हा हिशेब बदलतो.

आधी काय ठरवून ठेवावे?

पाऊस : मंडळातील पर्जन्यमापकाचा आकडा आपल्या शिवाराचा असेलच असे नाही. सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवून पट्टीने रोज मोजता येते. एकाच ढगफुटीसारख्या सरीत पाणी वाहून गेले असेल, तर केवळ आकड्यावर जाऊ नये. वीतभर खणून ओल पाहावी.

बियाणे : घरचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभराने कोंब मोजावेत. ७० किंवा अधिक उगवले तर नेहमीचे प्रमाण पुरते. त्याहून कमी असतील तर प्रत्येक टक्क्यामागे एकरी अर्धा किलो बियाणे वाढवावे.

जोखीम : सगळे रान एका दिवशी पेरू नये. भारी, ओल धरणारी जमीन आधी घ्यावी. हलक्या, मुरमाड रानाला पुढच्या पावसाची वाट पाहू द्यावी.

शेवटची तारीख : १५ जुलैपर्यंत पुरेसा पाऊस झालाच नाही, तर बाजरी, सूर्यफूल, तूर, एरंडी यांपैकी काय घ्यायचे आणि त्याचे बी कुठून आणायचे, हेही आत्ताच ठरवावे.

घाईच्या सकाळी याचा उपयोग काय?

शेजाऱ्याचे यंत्र सुरू झाल्यावर विचार नव्याने करायला घेतला, तर मन शेजाऱ्याच्याच बाजूने झुकते. शिवाय त्याची जमीन, विहीर आणि हाताशी असलेला पैसा आपल्यासारखा असतोच असे नाही. आकडा घरच्यांशी बोलून आधीच वहीत लिहिला असेल, तर त्या सकाळी फक्त डब्यातले पाणी मोजायचे आणि वीतभर खणून बघायचे उरते. एवढे करूनही पाऊस दगा देऊ शकतो. पण तेव्हा निम्मे बियाणे घरात शिल्लक असेल आणि पुढे काय पेरायचे, हेही ठरलेले असेल.